अकरा मिनिटं वीस सेकंद, आणि तुमचं स्टॉपवॉच

तीर्थरूप काका,

पुतणीचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकले आणि मगच लिहायला बसले. नुसतं लिहायचं आणि वाकायचं नाही, हे मला जमत नाही, आणि त्याला जबाबदार तुम्हीच आहात.) तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही "बराच बरा" असं लिहिलं होतं. बराच म्हणजे किती, ते कळवलं नव्हतं. जिना एका दमात चढता की दोन, आणि उतरताना कठडा धरावा लागतो का, एवढं लिहिलंत तरी मला अंदाज येईल. ताईला आणि भावजींना नमस्कार. इकडे आई बरी आहे, बाबा बरे आहेत, मी बरी आहे आणि दादाही बरा आहे. दादाचा उल्लेख तुम्हाला चालत नाही याची मला कल्पना आहे. (तुमच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी "घरातल्या सर्वांना आशीर्वाद" असं असतं आणि पुढे कंसात "एक सोडून". गेली चौदा वर्षं हा कंस येतो आहे.) पण हे सगळं पत्रच त्याच्याविषयी असल्यामुळे त्याला टाळणं शक्य नाही. तेव्हा "दादा" असा शब्द आला की तुम्ही तो ओलांडून पुढे जावं. थोडं विस्कळीत वाटेल, पण अर्थ लागेल.

या पत्रासोबत तुमचं स्टॉपवॉच पाठवत आहे. कापसात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात घातलं आहे. डबा उघडताना वरची बाजू वरच ठेवावी. ते तपासून हवं आहे. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल, आणि मी मागे जायला लागले की फार मागे जाते, तेव्हा चष्मा पुसून घ्या.

दादा आठवडाभर झेरॉक्सची मशिनं दुरुस्त करतो आणि रविवारी कॉम्प्युटर बिघडवतो. (हे वाक्य आईचं आहे. मला ते अर्धंच खरं वाटतं, कारण बिघडवणं हा त्याचा हेतू नसतो.) प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, आकाराने पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढं. त्याने किती वेगाने काम करायचं ते कारखान्यातच ठरवून दिलेलं असतं. तो वेग न जुमानता त्याला दीडपट, पावणेदोनपट पळवायचं, असा हा छंद आहे. पळवलं की ते तापतं आणि तापलं की मान टाकतं. म्हणून त्याच्यावर तांब्याचं एक उभट भांडं घट्ट बसवायचं आणि त्यात द्रवरूप नायट्रोजन ओतत राहायचं. हा नायट्रोजन शून्याखाली एकशे शहाण्णव अंशांवरच उकळतो. पांढरं धुकं भांड्यातून निघून टेबलावरून खाली उतरतं आणि आपल्या पायांत घुटमळतं. इतकं करून कॉम्प्युटर करतो काय, तर एक ठरावीक लांबलचक गणित सोडवतो, ज्याचं उत्तर सगळ्यांना आधीच माहीत असतं. किती वेळात सोडवलं, एवढंच बघायचं. (पाढे म्हणायला लावणाऱ्यालाही उत्तरं माहीत असतातच की, असं दादाचं यावर म्हणणं.)

या छंदाचे घरावर काही परिणाम झाले आहेत. ते तक्रार म्हणून नव्हे, नोंद म्हणून लिहिते. प्रोसेसर ज्यावर बसवलेला असतो त्या बोर्डावर गारठ्याने पाणी धरू नये म्हणून त्याला व्हॅसलीन फासावं लागतं, त्यामुळे घरातलं सगळं व्हॅसलीन बोर्डाला लागतं आणि आमचे ओठ फुटलेले असतात. पंचे भांड्याभोवती गुंडाळलेले असल्याने रविवारी आंघोळी सकाळी आठच्या आत उरकाव्या लागतात. पाहुण्यांच्या चहाचा थर्मास आता चहासाठी वापरता येत नाही. आणि आपला फ्रिज दोन वर्षं बर्फ धरत नाही, त्यावरून आई म्हणते, "उणे एकशे शहाण्णव आणतोस ना? मग मला नुसतं शून्य आणून दे." दादा म्हणतो, बघतो. तो अजून बघतोच आहे.

नायट्रोजन आणतो तो माणूस एरवी जनावरांच्या डॉक्टरांना माल पोचवतो. त्याचं गुडघ्याएवढं ॲल्युमिनियमचं भांडं पहिल्यांदा जिन्यातून वर आलं, झाकणातून वाफा सोडत, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू मागोमाग आल्या. त्यांनी दारातच विचारलं, "कोण आजारी आहे गं?" मी म्हटलं, कुणी नाही. "मग हे नळकांडं कुणासाठी?" मी म्हटलं, दादासाठी. "अगं बाई! आणि कुणी नाही म्हणतेस!" आता खोटं बोलायचं नसेल तर माणसाला सगळंच सांगावं लागतं. मी त्यांना बसवून पाऊण तास नीट समजावलं की डोकं फार पळवलं की तापतं, तापलं की बंद पडतं, म्हणून ते सतत गार ठेवायचं. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "डोक्याचं आहे, म्हणजे वेळ लागणार. धीर सोडू नकोस." तेव्हापासून रविवारी त्यांचा रेडिओ बंद असतो आणि दादा जिन्यात दिसला की त्या मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून विचारतात, "ओळखलंस का मला?" मी दोनदा खुलासा करायला गेले. दोन्ही वेळा त्यांनी मलाच सरबत पाजून परत पाठवलं.

तर मूळ मुद्दा. या खेळाची एक वेबसाइट आहे. तिथे प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी वेगळी क्रमवारी लागते. दादाचा प्रोसेसर अकरा वर्षांपूर्वीचा, एका ऑफिसने टाकून दिलेल्या कॉम्प्युटरमधून काढलेला. या जातीत धावणारे जगात एकूण सात जण आहेत. दादा तीन वर्षं चौथा होता. पहिला जो आहे त्याने स्वतःचं नाव पेंग्विन असं ठेवलं आहे आणि त्याची वेळ अकरा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. हा पेंग्विन कुठे राहतो, माणूस कसा आहे, काही माहीत नाही, पण दादा त्याच्याविषयी सख्ख्या चुलतभावाविषयी बोलावं तसं बोलतो, म्हणजे वाईट. या महिन्याअखेर जो पहिला असेल त्याला अंतिम सामन्याचं बोलावणं येणार आहे. मोठं सभागृह, व्यासपीठ, समोर माणसं. सात जणांत पहिलं येण्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण काका, दादा आजवर कशातच पहिला आलेला नाही. तुम्ही आम्हाला घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवायचात, तेव्हा त्या शाळेत आम्ही दोघंच होतो आणि त्यातही तो दुसरा यायचा.

माझं काम नोंदवहीचं आणि ओतण्याचं. हा प्रोसेसर उणे एकशे चाळीसच्या खाली गेला की झोपतो आणि उणे एकशे वीसच्या वर आला की चुकतो, म्हणून त्याला मधोमध धरायचं. मी थर्मासातून थेंब थेंब गार ओतते आणि समोरच्या बाजूने धुरंधर हातातल्या गॅसच्या बत्तीने तेच भांडं तापवतो. (धुरंधर हा दादाचा मित्र. त्याच्या हातून आजवर तीन बोर्डांतून धूर निघाला म्हणून हे नाव. त्याला ते बिरुद वाटतं.) खिडक्या आणि दार सताड उघडं, ही माझी अट, कारण नायट्रोजनने खोलीतली हवा सरते आणि माणूस न कळवता बेशुद्ध पडतो. सुरुवातीला मी सुरक्षेचे अकरा नियम मोठ्याने वाचते. धुरंधर त्या वेळात वेफर्स खातो. मोबाइल तिघांचेही पलीकडच्या खोलीत, कारण त्यांच्यामुळे थर्मामीटरचा आकडा नाचतो असं धुरंधर म्हणतो. (मी पडताळलेलं नाही.) आणि माझ्या गळ्यात दोरीने तुमचं स्टॉपवॉच. नियमच आहे की पहिल्या क्रमांकासाठी एका साक्षीदाराने कॉम्प्युटरबाहेरच्या घड्याळाने वेळ मोजायची आणि फॉर्मवर लिहून सही करायची.

दोन रविवारांपूर्वी दुपारी तीनच्या सुमारास ते गणित सुटलं. पडद्यावर आकडा आला, अकरा मिनिटं वीस सेकंद. पेंग्विनपेक्षा अठ्ठावीस सेकंदांनी कमी. धुरंधरने बत्ती विझवायच्या आधी दादाला मिठी मारली (नियम क्रमांक सात), दादा खुर्चीवर बसला, उठला, पुन्हा बसला, आणि मग आत जाऊन आईच्या पाया पडला. आईने विचारलं, "काय फोडलंस?" तो म्हणाला, "आई, पहिला आलो." आई ओट्याशी उभी होती ती हात पुसत बाहेर आली आणि तिने त्या भांड्याकडे पहिल्यांदाच जरा आदराने बघितलं. मीही बघत होते, पण स्टॉपवॉचकडे. त्यात बारा मिनिटं तीन सेकंद होते.

त्रेचाळीस सेकंद, काका. एवढा फरक बोटाच्या घाईने पडत नाही. दादाने फॉर्म पुढे केला. मी म्हटलं, तपासून भरते. तो म्हणाला, "भर की सावकाश." तेव्हापासून तो मला रोज सकाळी चहा करून देतो. दोन चमचे साखर घालतो. मी एकच घेते, पण बोलले नाही. कारखान्यात औषधांची लेबलं तपासणं हे माझं काम. गेल्या आठवड्यात मी बरोबर असलेली सोळा लेबलं परत पाठवली. साहेब म्हणाले, "यात चूक काय आहे?" मी म्हटलं, सापडली नाही, म्हणूनच शंका आली.

मग मी वेबसाइटवरच्या जुन्या सूचना पहिल्यापासून वाचून काढल्या आणि उत्तर मिळालं. कॉम्प्युटर चालू होताना स्वतःची नाडी मोजतो आणि ठरवतो की इतके ठोके म्हणजे एक सेकंद. दादाने चालू झाल्यावर ती नाडी थोडी उतरवली, कारण गारठ्यात बोर्ड कुरकुर करत होता, आणि वेग दुसऱ्या बाजूने, म्हणजे दर ठोक्याला जास्त काम करायला लावून, वाढवला. कॉम्प्युटर मात्र आधीच्याच मापाने ठोके मोजत राहिला. त्याचा सेकंद लांबला आणि त्याला ते कळलंच नाही. बारा मिनिटं गेली तरी तो प्रामाणिकपणे अकरा म्हणत होता.

तुम्ही सांगितलेला तो कापडवाला मला सारखा आठवतो. वजनमापांचे निरीक्षक म्हणून तुम्ही त्याची मोजायची पट्टी तपासलीत, ती बोटभर आखूड निघाली. तुम्ही त्याच्या घरी गेलात तर त्याच्या स्वतःच्या खिडक्यांचे पडदेही बोटभर आखूड होते. लबाड नव्हता बिचारा, असं तुम्ही म्हणालात. मी तेव्हा सात वर्षांची होते, मी विचारलं, मग सोडलंत का त्याला? तुम्ही म्हणालात, "त्याला सोडलं. पट्टी जप्त केली." दादाचे पडदे आखूड आहेत, काका. पण मला पट्टीला हात लावायचा धीर होत नाही.

म्हणून ही विनंती. तुमचं स्टॉपवॉच तुम्ही कचेरीतल्या घड्याळाशी लावून दिलेलं आहे, हे मला माहीत आहे. पण त्याला वर्षं झाली. स्प्रिंग म्हातारी होते. ते बारा मिनिटांत त्रेचाळीस सेकंद पुढे पळत असण्याची शक्यता आहे का, एवढं तपासून, असल्यास तसं दोन ओळींत लिहून पाठवावं. खाली तारीख आणि सही असावी. असं निघालं तर मला फार बरं वाटेल. काही घाई नाही, परवापर्यंत चालेल.

तुमच्याच टेबलावर शिकलेली,
पुतणी

ता. क. वरचं पत्र पाकिटात घातलं आणि पुन्हा बाहेर काढलं. स्टॉपवॉच मी रेडिओवरच्या वेळेच्या ठोक्यांशी तीनदा लावून पाहिलेलं आहे. एका तासात अर्धा सेकंदसुद्धा फरक नाही. हे मला पत्र लिहायला घेण्याआधीच माहीत होतं. मला तपासणी नको होती, तुम्ही एकदा माझ्यासाठी चुकायला हवे होतात. असं तुमच्याकडे मागितल्याची लाज वाटते. ती ओळ खोडत नाही, कारण तुम्ही खाडाखोड केलेली वही घ्यायचा नाहीत.

ता. क. दुसरा. पत्र सहा दिवस पर्समध्येच राहिलं. शनिवारी सकाळी दादाने चहा ठेवला तेव्हा मी फॉर्मवर बारा मिनिटं तीन सेकंद असं लिहून, सही करून, कपाखाली सरकवला. त्याने वाचला. मला वाटलं ओरडेल. तो म्हणाला, "मी पण त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघत होतो. म्हटलं ते पुढे असेल." मग थोड्या वेळाने, "साखर जास्त होते का गं?" मी म्हटलं, हो. "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

त्याने त्याच दिवशी स्वतः वेबसाइटला लिहून निकाल मागे घेतला. पेंग्विनचं दोन ओळींचं उत्तर आलं, की त्याचाही सेकंद एकदा असाच लांबला होता आणि त्याला ते कबूल करायला चार महिने लागले. दादा आता त्याच्याविषयी बरं बोलतो.

काल रविवारी पुन्हा केलं, या वेळी नाडी आधीच ठरवून, मध्ये हात न लावता. चार मिनिटं अकरा सेकंदांवर मी ओतायला वाकले आणि तुमच्या स्टॉपवॉचची दोरी धुरंधरच्या बत्तीने जळून तुटली. ते सरळ तांब्याच्या भांड्यात. धुरंधरने चिमट्याने काढलं, काच टचकन वाजली, काटा तिथेच. तेव्हा वर जिथे "तपासून हवं आहे" असं लिहिलंय तिथे कृपया "दुरुस्त करून हवं आहे" असं वाचावं. मी धावत स्वयंपाकघरातलं घड्याळ बघायला गेले, तर त्यातला सेल धुरंधरने सकाळीच थर्मामीटरला घातला होता. गणित सुटलं तेव्हा पडद्यावर अकरा मिनिटं एक्केचाळीस सेकंद होते. पेंग्विनपेक्षा सात सेकंद कमी. आणि मोबाइल पलीकडे बंद करून ठेवलेले, त्यामुळे घरात एकही चालू घड्याळ त्याला साक्ष नव्हतं. दादा म्हणाला, "आता खरं आहे गं, कर सही." मी म्हटलं, असेलही, पण माझ्या वहीत चार मिनिटं अकरा सेकंद आहेत. तो हसायला लागला. बराच वेळ हसला. खालच्या काकू जिन्यापर्यंत येऊन गेल्या.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे एवढंच सांगायचं होतं. वेबसाइटवाल्यांचं म्हणणं आहे की एक निकाल मागे घेतल्यामुळे आता साक्षीदार त्या घरात राहणारा नसावा. म्हणजे मी बाद. धुरंधर जोडीदार म्हणून आधीच बाद. महिन्याचा शेवटचा रविवार उरला आहे. काल संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, कुणी तटस्थ माणूस शोधा. दादा ताटात बघत म्हणाला, "काकांना बोलाव. ते माझ्या बाजूने अर्धा सेकंदही सरकवणार नाहीत, याची मला खात्री आहे." आईने वाढता वाढता हात थांबवला. चौदा वर्षांत त्याने तुमचं नाव पहिल्यांदा घेतलं.

तेव्हा काका, याल का? दुपारी दोनला सुरुवात करू. जिन्याला बावीस पायऱ्या आहेत, मध्ये टेकायला खुर्ची ठेवते. डोळा काट्याच्या समोर आणि मनात काही नाही, असं तुम्ही शिकवायचात. माझ्या मनात फार काय काय असतं, म्हणून तुम्ही हवे आहात. घड्याळ दुसरं आणा. स्वेटर आणा.

ता. क. चौथा. ज्यावरून तुम्ही घर सोडून ताईकडे गेलात तो पितळी तराजू अजून इथेच आहे. काटा लवकर स्थिरावा म्हणून बाराव्या वर्षी दादाने तो सुटा केला होता, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यानेच तो पुन्हा जोडला, हे तुम्हाला ठाऊक नाही. त्याला सहा वर्षं लागली. तुम्ही याल त्या दिवशी तो टेबलावर ठेवायचा असं त्याने ठरवलं आहे, आज सकाळी कामाला जाईपर्यंत पुसत होता. तो गेल्यावर मी तराजू तपासला. डावं पारडं अर्ध्या ग्रॅमने जड आहे. तुम्हाला ते दारातूनच दिसेल. मी त्याला काही सांगितलेलं नाही, आणि मला वाटतं, सांगणारही नाही.